कमान कोणी शिकवली? एका प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

४ नोव्हेंबर

दालन मिळाल्याचं पत्र आज हातात आलं. प्रदर्शन १७ जानेवारीला उघडायचं. कामाला सहा विद्यार्थी, मी आणि बांधकामाला मिस्त्रीमामा.

विषय ठरलेलाच होता: वास्तुकार ज्या माणसांमधून येतो आणि ज्या माणसांसाठी बांधतो, ती त्याच्या कामात कुठे दिसतात. मुलांनी फलकांचा पहिला मसुदा आणला होता. तो वाचून मी सगळ्यांना बसवलं. 'परंपरेतून प्रेरणा घेऊन' हे शब्द अकरा ठिकाणी होते, आणि एकाही ठिकाणी त्यातून काही कळत नव्हतं. प्रेरणा म्हटलं की पुढचं विचारायची गरजच उरत नाही. हा शब्द या प्रदर्शनात कुठेही येणार नाही, असं ठरवलं. त्याऐवजी प्रत्येक फलकासाठी तीन प्रश्न लिहून भिंतीवर लावले:

हे कोणी शिकवलं?
'नाही' कोणी म्हटलं?
आज डागडुजी कोण करतं?

दुसरा नियम प्रतिकृतींचा. थर्माकोल आणि पुठ्ठा बंद. मातीचं काम मातीत, विटेचं विटेत. आकार लहान चालेल, पण माल खरा हवा.

७ नोव्हेंबर

पहिला फलक फ्रान्सिस केरे यांचा. जन्म १९६५, पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमधलं गांदो हे गाव. गावात शाळा नव्हती, म्हणून सातव्या वर्षी घर सोडून दुसऱ्या गावी शिकायला जावं लागलं. तिथे सिमेंटच्या ठोकळ्यांच्या कोंदट वर्गात शंभरावर मुलं बसायची. पुढे सुतारकामाची शिष्यवृत्ती मिळून ते १९८५ मध्ये जर्मनीला गेले आणि तिथेच वास्तुकला शिकले. शिकत असतानाच पैसे जमवून गांदोत शाळा बांधली. ती २००१ मध्ये उभी राहिली तेव्हा त्यांची पदविका पूर्ण व्हायची होती. २००४ मध्ये त्या शाळेला आगाखान पुरस्कार मिळाला, २०२२ मध्ये त्यांना वास्तुकलेचा प्रित्झकर पुरस्कार.

हे सगळं मुलांनी नीट लिहिलं होतं. राहून गेली होती ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट, जी केरे स्वतः सांगतात. सुटी संपून शाळेला परत जाताना ते गावात घरोघरी निरोप घ्यायला जायचे, आणि बायका कनवटीला असलेलं शेवटचं नाणं काढून त्यांच्या हातावर ठेवायच्या. आपण एकटे शिकत नाही, गाव आपल्याला शिकवतंय, हे त्या पोराला तेव्हापासून माहीत होतं. शाळा बांधायचं कर्तव्य तिथून आलं. शाळा कशी बांधायची हे मात्र तिथून आलं नाही. तो वेगळा, कष्टाने मिळवलेला भाग आहे, आणि मुलांच्या मसुद्यात दोन्ही एकाच वाक्यात मिसळले होते.

कारण गांदोने आधी नकार दिला. जर्मनीत शिकलेला आपला मुलगा मातीची शाळा बांधणार? माती पावसात वाहून जाते, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. त्या नकारातूनच शाळेचं छप्पर आलं, असं मी तरी वाचते. मातीच्या ठोकळ्यांत थोडं सिमेंट, भिंतींवर विटांचं नुसतं रचलेलं आतलं छत, आणि त्याच्या बरंच वर सळ्यांच्या बारीक सांगाड्यावर तरंगतं पत्र्याचं छप्पर. बाहेर आलेल्या वळचणीमुळे भिंत भिजत नाही आणि मधल्या मोकळ्या जागेतून गरम हवा निघून जाते. लोकांचा संशय खरा मानून त्याचं उत्तर बांधलं, संशय अडाणी ठरवला नाही.

फलक परत लिहायला दिला.

११ नोव्हेंबर

माती आली. चाळली, भिजत घातली, काड तोडून मिसळली. मिस्त्रीमामांनी मूठभर गोळा हातात दाबून खांद्याच्या उंचीवरून खाली टाकला आणि फुटलेले तुकडे बघून म्हणाले, "रेती कमी आहे. अजून दोन घमेली घाला." प्रयोगशाळेत बाटलीत माती हलवून थर मोजायची तयारी आम्ही केली होती. तीही केली. उत्तर तेच आलं.

कमानीसाठी लागणाऱ्या विटा मुद्दाम वेगळ्या पाडल्या: पातळ, काड जास्त, म्हणून हलक्या.

१४ नोव्हेंबर

हसन फतही. हा फलक माझ्या जवळचा, म्हणून मीच लिहितेय.

इजिप्तचे वास्तुकार. जन्म १९०० मध्ये अलेक्झांड्रियात, सुखवस्तू घरात. शेतकऱ्यांची घरं त्यांच्या अनुभवातली नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लाकूड आणि लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा त्यांनी बहतीम इथे कच्च्या विटांच्या घरांवर विटांचीच छतं घालायचं ठरवलं. मातीची कमान विनासेंटरिंग, म्हणजे खाली लाकडी आधार न लावता, कशी चढवतात हे त्यांना माहीत नव्हतं, त्यांच्या गवंड्यांनाही नव्हतं. छतं पडली. अस्वान धरणाच्या कामावर असलेल्या त्यांच्या भावाने सांगितलं की दक्षिणेकडच्या न्युबियातले लोक अजून तशी छतं घालतात. १९४१ मध्ये फतही तिकडे गेले आणि त्यांना गावंच्या गावं कमानी छतांची दिसली. लाकडाचा तुकडा न लावता बांधलेली.

ती रीत अशी. खोलीची मागची भिंत आधी उंच उठवायची. तिच्यावर मातीचा लेप देऊन त्यात कमानीची रेघ नुसत्या नजरेने कोरायची. मग विटांचा पहिला थर त्या भिंतीवर रेलवायचा, सरळ उभा करायचा नाही. पुढचा थर आधीच्या थरावर रेलतो. प्रत्येक वीट मागच्या विटेला चिकटून राहते, तेवढ्यात थर पुरा होतो आणि स्वतःला तोलून धरतो. वीट साधारण २५ सेंटिमीटर लांब, १५ रुंद, ५ जाड, आणि तिच्या अंगावर ओली असताना बोटांनी ओढलेल्या दोन खाचा, चिखल धरून ठेवायला.

'हे कोणी शिकवलं' या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर दुसऱ्या फलकाला मिळणार नाही.

आम्ही बरोबर निम्म्या मापाच्या विटा पाडल्यात. कमानीचा गाळा सव्वा मीटर. मुलांच्या नजरेला अजून वळण नाही, म्हणून साखळीचा आधार घेतला: दोन खिळ्यांमध्ये साखळी लोंबती सोडली, तिची रेघ कागदावर उतरवली, कागद उलटा करून भिंतीवर लावला. लोंबती साखळी फक्त ताण जाणते. तोच आकार उलटा केला की त्यात फक्त दाब राहतो, आणि माती दाब सोसते.

१८ नोव्हेंबर

नऊ थर चढले. संध्याकाळी सगळे थकून, पण खूश होऊन गेले.

१९ नोव्हेंबर

सकाळी दार उघडलं तर कमान खाली होती. भिंतीला चिकटलेले पहिले तीन थर तेवढे जागेवर, बाकी सगळ्याचा ढीग. दोघी जणी ढिगाकडे बघत उभ्या होत्या. त्यांचे हात रिकामे आणि तोंडं उतरलेली.

आमची चर्चा सुरू झाली ती आकाराची. साखळीची रेघ चुकली का, रेलवण कमी पडली का, मागची भिंत ओली होती का. मिस्त्रीमामा चर्चेत नव्हते. ते ढिगाजवळ उकिडवे बसून एकेक तुकडा उचलत होते. शेवटी एक तुकडा घेऊन माझ्याकडे आले. दोन विटांच्या टोकांमधला वाळका चिखल होता तो, बोटभर जाड. त्याच्या एका बाजूला विटेचा स्वच्छ ठसा, दुसऱ्या बाजूला मध्यभागी केसाएवढी भेग.

"ताई, हा माल बघा. पोरांनी टोकाटोकाला जाड भरलाय. ओला होता तोवर धरून राहिला. रात्री आखडला, वीट सुटली."

"मग माल घालायचाच नाही?"

"मागच्या अंगाला घाला, वीट विटेवर रेलते तिथं. टोकाला टोक कोरडंच भिडवा. कमान आहे, वरच्या अंगाला फट राहणारच. तिथं चिपा मारा, खापराच्या नाहीतर दगडाच्या. चिप आखडत नाही."

मी विचारलं, मातीची अशी कमान आधी बांधली होती का. नव्हती. विनासेंटरिंगची तर कधी पाहिलीही नव्हती. पण विहिरींच्या दगडी कमानी सासऱ्याच्या हाताखाली बांधल्या होत्या, आणि तिथे सांध्यात माल कोंबला की सासरा थापीच्या दांड्याने बोटांवर मारायचा.

घरी येऊन फतहींनी या रीतीबद्दल लिहिलेलं पुन्हा काढलं. तिथे स्पष्ट आहे: एका थरातल्या विटांच्या टोकांमध्ये चिखल घालायचा नाही, कारण तो वाळताना आक्रसतो. विटा कोरड्या भिडवायच्या, बाहेरच्या अंगाच्या फटींत खापराचे किंवा दगडाचे तुकडे बसवायचे. मी हे वाचलेलं होतं. विद्यार्थ्यांना शिकवलंही होतं. हातात थापी असलेल्या मुलाला ते ऐन वेळी आठवलं नाही, मलाही आठवलं नाही. मिस्त्रीमामांना आठवावं लागलं नाही.

२३ नोव्हेंबर

फतहींच्या फलकाचा दुसरा अर्धा भाग लिहायला चार दिवस लागले.

अस्वानहून शिकून आल्यावर त्यांना मोठं काम मिळालं: लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावर, नवं गुर्ना. जुनं गुर्ना प्राचीन थडग्यांच्या टेकडीवर वसलेलं होतं. तिथल्या पुष्कळ लोकांचं पोट उत्खननाच्या मजुरीवर आणि जुन्या वस्तूंच्या व्यवहारावर होतं. सरकारला थडगी राखायची होती, म्हणून अख्खं गाव हलवायचं ठरलं. फतहींनी प्रत्येक कुटुंबाला वेगळं घर, मशीद, बाजार, शाळा, नाट्यगृह अशी आखणी केली. न्युबियातले गवंडी आणले. काम १९४०च्या दशकाच्या मध्यात सुरू झालं आणि काही हंगामांत थांबलं. गाव अर्धवट राहिलं, आणि ज्यांच्यासाठी बांधलं त्यांतले बहुतेक राहायला आलेच नाहीत.

कारणं अनेक सांगतात. घुमट हा कबरीवर असतो, राहत्या घरावर नाही, असं तिथल्या लोकांना वाटे, असंही पुष्कळांनी लिहिलंय. मला मूळ कारण त्याआधीचं वाटतं. हलायचं की नाही हे कोणी त्यांना विचारलंच नव्हतं. फतही घर कसं हवं ते विचारत होते, आणि तेही त्यांच्या काळात फार कमी लोक विचारायचे. पण पहिलं 'नाही' खोडूनच कागद त्यांच्या टेबलावर आला होता.

हे लिहिताना मला माझं एक काम आठवत राहिलं. पंधरा वर्षांपूर्वी एका पुनर्वसन वसाहतीचा आराखडा मी केला होता. घरांच्या चार ओळी आणि मधोमध मोठा चौक, बसायला पार, सावलीला झाडं. त्या चौकावर मी महिनाभर काम केलं होतं. लोक राहायला आल्यावर वर्षाने गेले तर चौक ओस. सगळी माणसं ओळींच्या टोकाला, दोन अरुंद पायऱ्यांवर दाटीवाटीने बसलेली. मला राग आला होता. मी त्याचा फोटो काढला आणि 'वापराचं शिक्षण हवं' असा शेरा अहवालात लिहिला. ते काम ज्या कार्यालयाकडून आलं होतं त्यांनीही तो मान्य केला. त्या पायऱ्यांवरून रस्ता दिसतो, कामावरून येणारं माणूस दिसतं, शाळेतून येणारं मूल दिसतं. चौकातून फक्त समोरच्यांची दारं दिसतात. हे मला तिथल्या एका बाईने उभ्या उभ्या सांगितलं असतं. मी तिला विचारलं नाही.

त्या फोटोची प्रत काढून आणलीय. गुर्न्याच्या फलकाखाली लावणार आहे, माझ्या शेऱ्यासकट.

२८ नोव्हेंबर

बाळकृष्ण दोशी. जन्म पुण्यातला, १९२७. घरात पिढ्यान् पिढ्या लाकडी सामानाचा धंदा, एकत्र कुटुंब, आणि माणसं वाढतील तसं वाढत गेलेलं आजोबांचं घर. हे त्यांनी वारंवार सांगितलंय, आणि त्यांच्या कामाशी त्याचा धागा इतका सरळ आहे की वेगळं काही सिद्ध करावं लागत नाही. मधली वर्षं पॅरिसमध्ये वास्तुकार ल कॉर्बुझिए यांच्याकडे गेली. १९५४ मध्ये ते भारतात परतले, आणि सगळ्यात गरीब माणसाला नीट घर मिळवून द्यायचं हे व्रत त्यांनी त्याच वर्षी घेतलं.

इंदूरची 'अरण्य' ही वसाहत १९८९ मध्ये पुरी झाली, पण खरं तर तिथे पुरं काही करायचंच नव्हतं. सगळ्यात लहान भूखंड ३५ चौरस मीटरचा. त्यावर जोतं, संडास-मोरी आणि नळ तयार करून दिलेला. बाकी घर ज्याचं त्याने, जमेल तेव्हा, जमेल तसं वाढवायचं. नमुन्याला ८० घरं बांधून दाखवली: जिना बाहेरून कसा घेता येईल, ओटा कुठे येईल, वरची खोली कशी चढेल. नियम फक्त वाटांचे, सांडपाण्याचे आणि मोकळ्या जागांचे. वाढणारं घर ज्याने पाहिलंय तोच घराचा सुरुवातीचा तुकडा आखून थांबू शकतो.

प्रतिकृती वेगळी करतोय: जोत्यांचा तक्ता जमिनीवर आणि बाजूला लाकडी ठोकळ्यांची टोपली. येणाऱ्याने घर वाढवायचं. दालनाच्या व्यवस्थापनाला ठोकळे हरवण्याची काळजी आहे. हरवू देत.

३ डिसेंबर

लॉरी बेकर यांच्या फलकावर एका विद्यार्थिनीने शंका काढली: हा माणूस बर्मिंगहॅमचा, मग वारसा कुठला? शंका योग्य होती आणि तिच्यावर दुपार गेली ते बरं झालं.

बेकर जन्माने इंग्रज, पंथाने क्वेकर. दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये रुग्णसेवा करून परतताना मुंबईत बोटीची वाट पाहत थांबले, तेव्हा गांधीजींशी भेट झाली. त्यांच्या पायातले चिंध्यांचे हातशिवणीचे जोडे गांधीजींच्या नजरेत भरले, असं बेकर सांगत. पाच मैलांच्या आत जे मिळतं त्यातून घर बांधावं, हे गांधीजींचं म्हणणं त्यांनी आयुष्यभर धरून ठेवलं. पुढे हिमालयातल्या पिथौरागढला डॉक्टर पत्नीबरोबर सोळा वर्षं राहिले. इंग्लंडमध्ये शिकलेलं तिथे उपयोगाचं नव्हतं. दगड, लाकूड आणि माती कशी वापरायची हे शेजाऱ्यांच्या घरांनी शिकवलं. मग केरळ.

म्हणजे वारसा जन्माने मिळतो तसा उमेदवारी करूनही मिळतो. पण उमेदवारी सोळा वर्षांची असावी लागते. एक दौरा आणि चारशे फोटो त्याला पुरत नाहीत.

रॅट-ट्रॅप पद्धतीची भिंत आज मीटरभर उठली. वीट आडवी न घालता कडेवर उभी करायची, आतून पोकळी सोडायची. साध्या नऊ इंची भिंतीच्या मानाने साधारण पाव हिस्सा विटा वाचतात, आणि पोकळीतल्या हवेमुळे आत उष्णता कमी येते. गिलावा नाही, म्हणून प्रत्येक सांधा उघडा दिसतो. मिस्त्रीमामांनी दोनदा ओळंबा लावला आणि एक अख्खा रद्दा उतरवून परत चढवला. "झाकायचं नसलं की लपवता येत नाही," म्हणाले.

९ डिसेंबर

चीनचे वास्तुकार वांग शू. निंगबोचं इतिहास संग्रहालय, २००८. आसपासची गावं पाडली गेली, त्यांतल्या विटा आणि कौलं गोळा करून भिंतींत घातलेली. ही रचना त्या भागातल्या गवंड्यांची जुनीच. वादळाने घरं पडली की मिळेल त्या तुकड्यांतून भिंत परत उठवायची, तेव्हाची.

या फलकाबद्दल माझं मन स्थिर नाही. भिंत अप्रतिम आहे. पण कौलं आली आणि माणसं गेली. 'कोणी शिकवलं' याचं उत्तर आहे, 'नाही म्हणायची संधी कोणाला होती' याचं नाही, आणि त्याचा दोष वास्तुकाराच्या माथी मारणंही न्याय्य नाही. गावं त्यांनी पाडली नव्हती. दुसरा प्रश्न फलकावर तसाच, उत्तराशिवाय ठेवतोय.

१३ डिसेंबर

यास्मिन लारी यांच्यावर दोन फलक हवेत, जागा एकाचीच.

जन्म १९४१, पाकिस्तानातल्या पहिल्या महिला वास्तुविशारद. लाहोरच्या अंगूरी बाग वसाहतीचं काम त्यांनी १९७०च्या दशकात केलं. तिथे येणाऱ्या बायकांनी त्यांना विचारलं, आमच्या कोंबड्या कुठे जातील? त्यातून प्रत्येक घराला उघडी गच्ची आली. आराखड्याला प्रश्न विचारला गेला आणि आराखडा बदलला, इतकी सरळ गोष्ट. मी चौक आखत होते तेव्हा ही वसाहत बांधून तीसेक वर्षं झाली होती.

नंतर कराचीत मोठमोठ्या इमारती, २००० मध्ये निवृत्ती, आणि २००५च्या भूकंपानंतर पुन्हा काम. या वेळी बांबू, चुना, माती. मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्यांची चूल. जमिनीवरच्या चुलीत पुराचं पाणी शिरतं आणि धूर डोळ्यांत जातो, म्हणून मातीच्या उंच ओट्यावर धुराडं असलेली चूल. ती बायका स्वतः बांधतात आणि स्वतःच्या हाताने नक्षी काढून सजवतात. २०२३ मध्ये ब्रिटनच्या वास्तुविशारद संस्थेचं सुवर्णपदक लारींना मिळालं. ओट्यावर बसून धुराशिवाय स्वयंपाक करणारी बाई हे वास्तुकलेचं चित्र आहे, असं मानायला माझ्या व्यवसायाला फार उशीर लागला. आमच्या शिक्षणात चूल कधी आलीच नाही.

१७ डिसेंबर

डागडुजीचा फलक. छोटा. जेनेची मोठी मशीद, माली, सध्याची वास्तू १९०७ची. दरवर्षी अख्खं गाव मिळून तिला नव्याने मातीचं लिंपण करतं. भिंतींतून बाहेर आलेले ताडाच्या लाकडाचे दांडे शोभेचे वाटतात, पण त्या कायमच्या परांच्या आहेत, गवंड्यांना चढायला. जपानमधलं इसेचं देवस्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात. बासष्टाव्यांदा २०१३ मध्ये बांधलं. वीस वर्षांत शिकाऊ सुतार हाताखाली काम करून तयार होतो आणि पुढच्या खेपेला तोच शिकवायला उभा राहतो.

२७ डिसेंबर

कमान दुसऱ्यांदा. या वेळी मिस्त्रीमामा समोर आणि मुलं दोन्ही बाजूंना.

पहिला थर पुरा नसतोच. कोपऱ्यात एक वीट, तिच्यावर रेलून दुसरी, दोन्ही बाजूंनी सारखं चढत जायचं. डावीकडे वीट लागली की उजवीकडे लागली पाहिजे. सहाव्या थराला दोन्ही बाजू पहिल्यांदा माथ्यावर भेटल्या. माथ्याची वीट बसवताना मुलीने ती मागच्या थरावर दाबली, किंचित घासली, आणि हात तसाच धरून ठेवला. "सोडा आता," मामा म्हणाले. तिने एक बोट उचललं, मग दुसरं. वीट धरून राहिली. खाचांमधून चिखल थोडा बाहेर आला होता, तो तिने अंगठ्याने पुसला. मग वरच्या फटीत खापराची चिप ठेवून थापीच्या दांड्याने दोनदा ठोकली. आवाज बदलला. भरीव झाला. मामांनी नुसती मान हलवली आणि पुढच्या विटेला हात घातला.

चौदा थर झाले. दालन बंद करताना दिवा लावून आतल्या अंगाने पाहिलं. टोकं कोरडी, भिडलेली.

२८ डिसेंबर

उभी आहे.

६ जानेवारी

नावांच्या पट्ट्या. छापखान्याकडून आलेल्या नमुन्यात प्रत्येक फलकावर एकच नाव, मोठ्या अक्षरात. ते थांबवलं. शिकवणाऱ्याचं नाव जिथे माहीत आहे तिथे ते त्याच आकाराच्या अक्षरात जाणार. प्रत्यक्षात फार थोड्या ठिकाणी माहीत आहे. फतहींच्या बाबतीत आहे: अलाउद्दीन मुस्तफा, न्युबियातले मुख्य गवंडी. फतहींनी म्हातारपणी अमेरिकेत न्यू मेक्सिकोला मातीची मशीद उभारली तेव्हाही हे गवंडी शिकवायला गेले होते. बाकी फलकांवर त्या जागी मोकळी ओळ आहे, आणि ती मोकळीच छापायला सांगितलीय.

कमानीच्या पट्टीवर मिस्त्रीमामांचं नाव आणि त्यांच्या सासऱ्यांचं. सासऱ्यांचं पूर्ण नाव विचारलं तेव्हा त्यांनी घरी फोन लावून बायकोकडून खात्री करून घेतली.

१७ जानेवारी

उघडलं. कमानीखाली लोक वाकून जातात आणि हात लावतात. लावू देतोय.

सगळ्यात जास्त गर्दी ठोकळ्यांच्या तक्त्याशी. सात-आठ वर्षांच्या एका मुलाने आपल्या जोत्यावर भराभर चार खोल्या चढवल्या आणि पाचवी वाटेवर आणली. शेजारच्या जोत्यावर बसलेली मुलगी तोवर गप्प होती. ती म्हणाली, "मग मी माझ्या घरात जाऊ कशी?" मुलगा म्हणाला, तुझ्या दाराला दुसरीकडे वळव. ती म्हणाली, दार आधी माझं होतं. बराच वेळ झाला. शेवटी त्याने पाचवी खोली उचलून वरच्या मजल्यावर ठेवली आणि खालून वाट मोकळी ठेवली, दोन ठोकळ्यांच्या कमानीसारखी. तिने वाकून बघितलं, बोट घालून रुंदी पाहिली आणि "चालेल" म्हणाली.

माझ्या चौकाच्या फोटोसमोर एक गृहस्थ थांबले होते. शेरा दोनदा वाचून विचारलं, हे कोणी लिहिलं? मी सांगितलं. पुढे ते काही बोलले नाहीत, पायऱ्यांवरची माणसं मात्र बराच वेळ बघत राहिले.

३ फेब्रुवारी

दालन रिकामं करायचं होतं. रॅट-ट्रॅपच्या विटा सुट्या करून रचून ठेवल्या. ठोकळे मोजले, नऊ कमी.

कमान उतरवायला वाटलं त्यापेक्षा जास्त वेळ गेला. माथ्याच्या विटा काढल्या तरी बाजू हलत नव्हत्या. चिपा सोडवल्यावर थर एकेक करून मोकळे झाले. फुटलेल्या विटा पिंपात भिजत घातल्या, उद्यापर्यंत परत चिखल होईल. धड राहिलेल्या अंगणात छपराखाली लावल्या.

पहिल्या वर्षाची तीन मुलं बघायला आली होती. पुढच्या वेळी आम्ही बांधणार, म्हणाली. मिस्त्रीमामांनी एकीच्या हातात वीट दिली आणि मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिने वीट नेऊन भिंतीला टेकवली.

"उलटी धरलीस. बोटं ओढलेली बाजू कुठंय?"

तिने वीट फिरवली.

"आता रेलव. अजून. अजून थोडी."